धुऱ्यावरची चौदा झाडं: एका गावरान कापसाचं प्रकरण

हे प्रकरण २०२२ च्या खरिपापासून २०२५ च्या पावसाळ्यापर्यंतचं आहे. गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. प्रकल्प माझ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा होता, पण निर्णय बहुतेक माझे होते आणि त्यातले दोन चुकले. जाती कशा तयार होतात आणि का संपतात हे मी वर्गात बरीच वर्षं शिकवत आले. ते एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माझ्यासमोर घडलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनीचं गाव काटोल तालुक्यातलं. संत्र्याच्या बागा, मधल्या शेतांत कपाशी आणि तूर, विहिरीला पाणी टिकलं तर रब्बीत गहू. तिच्या आजोबांच्या शेताच्या एका धुऱ्यावर गावरान कापसाची चौदा झाडं होती. ती कुणी ओळीनं लावलेली नव्हती. गावरानीचं बोंड पूर्ण उकललं की कापूस खाली लोंबतो आणि गळतो. त्यातली सरकी पुढच्या पावसात उगवते. आजोबा डवरा तेवढा वळवून नेत, आणि झाडं दोन-दोन, तीन-तीन वर्षं उभी राहत. आजी त्याला देवकापूस म्हणते. घरातल्या समईच्या वाती वर्षानुवर्षं त्याच कापसाच्या. धागा आखूड आणि जाडाभरडा, त्यामुळे बाजारात त्याला कुणी विचारत नाही. वातीला मात्र तोच लागतो.

धुऱ्याच्या अलीकडे आजोबांचीच बीटी कपाशी होती, म्हणजे बोंडअळीविरुद्धचं जनुक घातलेली अमेरिकन कपाशी. दोन्ही झाडं शेजारी पाहिली की कुणालाही फरक कळतो. अमेरिकन कपाशीचं पान रुंद, फूल दुधी पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटणारं. गावरानीचं पान बोटांसारखं खोल चिरलेलं, फूल पिवळं आणि पाकळ्यांच्या तळाशी गडद लाल डोळा. बोंडाखाली जी तीन हिरवी छदं, म्हणजे पानांसारखी आवरणं, असतात, ती अमेरिकनमध्ये झालरीसारखी फाटलेली असतात, गावरानीत जवळजवळ अखंड. रसशोषक किडींना गावरान बऱ्यापैकी दाद देत नाही आणि कोरडं सोसते, पण बोंड लहान.

नागपूर हे शहरच कापसाच्या जोरावर वाढलं. १ जानेवारी १८७७ ला इथली एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हा आसपासच्या रानात देशी कापूस होता, आणि हिंगणघाटच्या ‘बनी’ या देशी कापसाचं नाव दूरच्या बाजारांत होतं. पुढे अमेरिकन कापूस वाढत गेला. १९७० मध्ये सुरतेहून एच-४ हा संकर आला, २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली, आणि गावरानी शेतातून धुऱ्यावर गेली. या घरात ती धुऱ्यावर टिकली ती आजीच्या वातींमुळे.

प्रश्न

विद्यार्थिनीनं प्रकल्पाच्या प्रस्तावात तीन वाक्यं लिहिली होती. ही जात नामशेष होत आहे. अमेरिकन कपाशीच्या परागांमुळे ती भ्रष्ट होत आहे. म्हणून अमेरिकनशी संकर करून तिचे गुण वाचवावेत.

पहिल्याच वाक्यात अडचण होती, आणि ती थोडी आपल्या भाषेची आहे. शेतकरी ‘जात’ म्हणतो तेव्हा त्याला वाण म्हणायचं असतं. वर्तमानपत्रं ‘प्रजाती’ म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा जाती म्हणायचं असतं. आणि आमच्या पाठ्यपुस्तकात प्रजाती म्हणजे जातीच्या वरची पायरी. आम्ही पहिल्या दिवशी ठरवून टाकलं: गॉसिपियम ही प्रजाती, तिच्यातली आर्बोरियम ही जाती, आणि धुऱ्यावरचं झाड हे त्या जातीचं एक घरगुती वाण. आर्बोरियमचे सुधारित वाण अजून पेरले जातात, बीज-संग्रहांत तिचे अनेक नमुने जपलेले आहेत. जाती नामशेष होत नव्हती. एक वाण संपत होतं, तेही चौदा झाडांवर आलेलं.

पण हे म्हणून मी तिला थांबवलं नाही. आर्बोरियमची खात्रीनं रानटी म्हणता येतील अशी झाडं आज कुठंच सापडत नाहीत. माणसानं पेरली, राखली तिथंच ती आहे. अशा जातीत वाणं एकामागून एक गेली तर मागे रानात काही शिल्लक राहत नाही. त्यामुळे चौदा झाडांचा प्रश्न लहान नव्हता.

दुसरं वाक्य, भ्रष्ट होण्याचं, मी तपासायला हवं होतं. ते मी गृहीत धरलं. वास्तविक त्याचं उत्तर माझ्या विषयातच होतं.

दोन कपाशींमधली भिंत

सजीवांची एक जाती दोन कशा होतात, याचा नेहमीचा मार्ग संथ आहे. एका जातीचे जीव डोंगर, समुद्र, वाळवंट यांनी दोन भागांत विभागले जातात. येणं-जाणं थांबतं. दोन्हीकडे वेगवेगळे बदल साचत राहतात, आणि बऱ्याच पिढ्यांनी ते पुन्हा भेटले तरी त्यांची संतती नीट होत नाही. आपल्याकडच्या दोन देशी जाती, आर्बोरियम आणि हर्बेसियम, अशा वाटेवर अर्ध्यावर दिसतात. दोघींचा संकर होतो, पहिली पिढी चांगली वाढते, पण दुसऱ्या पिढीत रोगट, खुरटी झाडं निघू लागतात. गुणसूत्रांचे तुकडे एका ठिकाणी अदलाबदल झालेले आहेत, त्यामुळे पुढे मेळ बसत नाही. भिंत उभी राहते आहे, पण अजून पूर्ण नाही.

अमेरिकन कपाशीचा जन्म दुसऱ्या मार्गानं झाला. कापसाचे पूर्वज काही लाख नव्हे, काही दशलक्ष वर्षं दोन खंडांत वेगळे राहिले. आफ्रिका-आशियाकडच्या कुळाला आम्ही ‘ए’ म्हणतो, अमेरिकेतल्या रानटी कुळाला ‘डी’. दोन्हींच्या पेशीत २६ गुणसूत्रं. साधारण दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी ‘ए’ कुळाचं बी कसंतरी अमेरिकेत पोचलं, बहुधा समुद्रावर तरंगत, आणि तिथल्या ‘डी’शी त्याचा संकर झाला. असा संकर वांझ असतो. पण त्यात गुणसूत्रांची संख्या अपघातानं दुप्पट झाली आणि ५२ गुणसूत्रांचं सुपीक झाड तयार झालं. ते आईशीही जुळेना, बापाशीही. म्हणजे काही पिढ्यांच्या आत नवी जाती उभी राहिली. १९४० मध्ये बीसली या शास्त्रज्ञानं आशियाई आर्बोरियम आणि अमेरिकेतली रानटी थर्बेरी यांचा संकर केला, कोल्चिसिननं गुणसूत्रं दुप्पट केली आणि ही गोष्ट प्रयोगात दाखवली. आज त्या एका घटनेतून निघालेल्या सात जाती माहीत आहेत. आपल्या शेतातली हिर्सुटम ही त्यातली एक.

आता हिशेब सोपा आहे. अमेरिकनच्या परागात २६ गुणसूत्रं, गावरानीच्या बीजांडात १३. जमून ३९ होतात. ‘ए’ची १३ ‘ए’च्या १३ शी जोडी जमवतात, ‘डी’ची १३ एकटी राहतात. अशी गर्भधारणा बहुधा मध्येच मोडते. याचा अर्थ शेजारच्या बीटीपासून धुऱ्यावरच्या गावरानीला मिसळण्याचा धोका जवळपास नव्हता.

हे आजोबांना गुणसूत्रांशिवाय माहीत होतं. पहिल्या भेटीत मी त्यांना म्हटलं, ‘‘बीटीच्या परागामुळे तुमचं वाण बिघडेल.’’ ते धुऱ्यावर बसल्या बसल्या म्हणाले, ‘‘माह्या धुऱ्यावर दोन्ही पऱ्हाट्या शेजारी हायेत वीस सालापासून. गावरानीचं फूल पिवळं ते पिवळंच रायलं. मिसळाचं असतं तं कवाच मिसळलं असतं ना मॅडम.’’

मी ते ऐकलं, हसून मान डोलावली, आणि पुढे गेले. या प्रकरणातली माझी पहिली चूक तिथं झाली. वीस वर्षांचं निरीक्षण माझ्यासमोर ठेवलेलं होतं आणि मी ते नोंदवहीत लिहूनही घेतलं नाही.

पर्याय

सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्यासमोर चार वाटा होत्या.

विद्यार्थिनीची वाट संकराची. अमेरिकन आणि गावरान यांचा संकर करायचा, जमलं तर कोल्चिसिननं गुणसूत्रं दुप्पट करून सुपीक झाड मिळवायचं. शिकण्याच्या दृष्टीनं फार चांगलं काम. वाण वाचवण्याच्या दृष्टीनं उपयोग शून्य, कारण त्यातून निघेल ते गावरान नसेल. हे मी तिला सांगितलं, पण पुरेशा जोरानं नाही. प्रकल्पाला ‘प्रयोग’ हवा असतो आणि मलाही तो हवा होता.

दुसरी वाट, मिळेल तेवढी सरकी गोळा करून बीज-संग्रहाकडे देण्याची. कापसावरची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरातच आहे, १९७६ पासून. पण चौदा झाडांची सरकी थोडी, आणि सगळी एका ठिकाणी देऊन टाकली की घरच्यांचं त्याच्याशी नातं संपतं, असं मला वाटलं. आज वाटतं की निम्मी सरकी तरी तेव्हाच द्यायला हरकत नव्हती.

तिसरी वाट दुसऱ्या गावच्या देशी वाणाशी मिसळून या वाणाचा पाया रुंद करण्याची. फार कमी उरलेल्या प्राण्यांत हे करतात. फ्लोरिडातले पँथर वीस-तीसवर आले, आपसातल्या पैदाशीनं दुबळे झाले, तेव्हा १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या आणि संख्या सावरली. पण कापूस बराचसा स्वपरागी असतो. मधमाशा काही पराग इकडून तिकडे नेतात तेवढंच. जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा फटका त्याला पँथरइतका बसत नाही. ही वाट आम्ही बाजूला ठेवली, आणि तो निर्णय मला अजून बरोबर वाटतो.

चौथी वाट सगळ्यात साधी: आहे तसं वाढवायचं, आणि एका धुऱ्यावर नाही, तीन ठिकाणी. ती आम्ही ‘पुढच्या वर्षी’ म्हणून ठेवली. आधी संकर. दुसरी चूक ही.

पहिला हंगाम

सप्टेंबरअखेरपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत विद्यार्थिनी दर शनिवार-रविवारी काटोलच्या एस.टी.नं गावी जायची. संध्याकाळी पाचच्या सुमारास दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी निवडायची. अंगठ्याच्या नखानं पाकळ्यांच्या तळाला चीर द्यायची, पाकळ्या आणि परागकोशांची नळी एकदम ओढून काढायची, आत उघडा पडलेला स्त्रीकेसर शीतपेयाच्या नळीच्या तुकड्यानं झाकायचा, देठाला लाल दोरा. सकाळी आठ-नऊला दुसऱ्या झाडाचं फूल आणून त्याचे पराग त्यावर फिरवायचे. बोंड गळू नये म्हणून देठाशी जिबरेलिक आम्लाचा बोळा.

अमेरिकनला आई करून ११८ फुलं केली. दहाव्या दिवशी नऊ बोंडं झाडावर होती, शेवटी चार पिकली आणि त्यांत भरलेल्या सरक्या निघाल्या सात. गावरानीला आई करून ९० फुलं केली. ती सगळी गळाली. आणखी काही गावरान फुलांवर तिनं कागदी पिशव्या बांधल्या, बीटीचे पराग येऊ नयेत म्हणून. जो धोका नव्हता त्याच्यासाठी आम्ही दुपारच्या दुपार पिशव्या बांधत होतो.

त्या ९० फुलांचा हिशेब मी तेव्हा मांडला नाही. चौदा झाडांच्या त्या हंगामातल्या फुलांतला तो मोठा वाटा होता. ती फुलं तशीच राहिली असती तर त्यांची बोंडं झाली असती, बोंडांत सरकी असती.

डिसेंबर

२० डिसेंबरनंतर कधीतरी शेजारच्या शेतात गव्हावर रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी फवारलं गेलं. गव्हाला ते चालतं. कपाशी मात्र या औषधाला इतकी नाजूक की वाऱ्यानं आलेला तुषारही तिला पुरतो. त्या दिवशी वारा धुऱ्याकडे होता. शेजाऱ्यानं काही वाईट हेतूनं केलेलं नव्हतं. त्याच्या दृष्टीनं धुऱ्यावर चार झुडपं होती.

विद्यार्थिनी वर्षाअखेरीला गावी गेली आणि तिथूनच फोटो पाठवले. नवी पानं अरुंद होऊन पंख्यासारखी चुरगळलेली, शिरा फिकट पडून एकमेकींजवळ आलेल्या, पाते, म्हणजे कोवळ्या कळ्या, गळून धुऱ्यावर पडलेले. मला वाटलं फुटतील पुन्हा. जानेवारीअखेर चौदापैकी नऊ झाडं वाळली. उरलेल्या पाचांपैकी दोन गुरांनी खाल्ली. मार्चमध्ये तीन होती.

जाती का संपतात हे शिकवताना आपण कारणांची यादी देतो: अधिवास जातो, शिकार होते, परके जीव येतात, हवामान बदलतं. ही कारणं खरी आहेत. ती संख्या कमी करतात, जागा आकसतात, उरलेल्यांना एका कोपऱ्यात आणतात. त्या कोपऱ्यात शेवटचा घाव मात्र कशाचाही असू शकतो. हजार धुऱ्यांवर गावरानी असती तर एका धुऱ्यावरचा फवारा ही बातमीसुद्धा झाली नसती. एकाच धुऱ्यावर असल्यामुळे वाऱ्याची एक दिशा पुरली.

त्या आठवड्यात मी तिला हवाई बेटांवरच्या कोकिया कुकाई या झाडाबद्दल सांगितलं. कोकिया ही कापसाच्या सगळ्यात जवळच्या नात्यातली प्रजाती. मोलोकाई बेटावरची ही जाती १९५० च्या दशकात संपली असं धरलं गेलं होतं. १९७० मध्ये तिथंच एक झाड सापडलं. १९७८ मध्ये ते आगीत जळालं. त्याआधी घेतलेली एक फांदी दुसऱ्या कोकियाच्या खुंटावर कलम केली होती, आणि आज ती जाती जी काही आहे ती कलमांवर आहे. ऐकून ती म्हणाली, ‘‘मॅडम, आपल्याकडे फांदी पण नाही.’’

वेगळं पडणं या एकाच गोष्टीचे दोन परिणाम इथं दिसतात. कापसाची कुळं खंडाखंडांत वेगळी पडली म्हणून नव्या जाती झाल्या. कोकिया एका बेटावर वेगळी पडली म्हणून जाती झाली आणि तिथंच आकसून संपायला आली. वेगळ्या पडलेल्या गटाला वेळ आणि संख्या मिळाली तर तो जाती होऊ शकतो. नाही मिळाली तर एखादी आग, एखादा फवारा. आमच्या तीन झाडांना यातलं काहीच नव्हतं.

मोठी संख्यासुद्धा कायमची हमी देत नाही हे खरं. आमच्या विभागाच्या कपाटात कामठीच्या वालुकाश्माचा एक तुकडा आहे, त्यावर ग्लॉसोप्टेरिस या लुप्त झाडाचं पान उमटलेलं. मधली शीर स्पष्ट, तिच्या दोन्ही बाजूंना जाळी. हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात याच परिसरातून असे जीवाश्म गोळा केले. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका हे सगळे जोडलेले होते तेव्हा या झाडांची रानं त्या सगळ्या प्रदेशांत होती. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविलोपनात ती गेली. पण ते संकट पृथ्वीव्यापी होतं. धुऱ्यावरचं संकट एक एकरभराचं होतं आणि ते टाळता येण्यासारखं होतं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण ‘जाती तर संपतच असतात’ हे वाक्य मी खूपदा ऐकते.

आजीचा डबा

मार्च २०२३ मध्ये मी स्वतः गावी गेले. तीन झाडांवर मिळून सहा सुकी बोंडं होती, त्यांतली चांगली सरकी अकरा. आजीला विचारलं, मागच्या वर्षीचा कापूस आहे का? ती म्हणाली, ‘‘वेचलेली सरकी तं गाईले घातली बाई.’’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘‘वातीचा डबा हाये पण. त्याची सरकी काढली नाही अजून.’’

देवघराच्या खालच्या फळीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. आत कडुलिंबाचा पाला आणि सरकीसकट कापसाचे पुंजके. आजी संध्याकाळी पुंजका घेऊन बसते, बोटांनी सरकी वेगळी करते, तळहातावर रुई वळते. त्या डब्यातून आम्ही ६३ सरक्या वेगळ्या केल्या. काही दोन वर्षांपूर्वीच्या असतील, काही गेल्या वर्षीच्या. ओल्या कापडात ठेवलेल्या दहांपैकी सहा उगवल्या तेव्हा विद्यार्थिनी माझ्या टेबलापाशी उभी राहून रडली. मी तिला रडू दिलं.

दुसरा हंगाम

या वेळी क्रम उलटा केला. जून २०२३ मध्ये सरकी तीन वाट्यांत विभागली. एक वाटा त्याच शेतात, पण धुऱ्यावर नाही, घराशेजारच्या परसात, गव्हापासून लांब. दुसरा तिच्या मामांकडे सावनेर तालुक्यात. तिसरा नागपुरात, महाविद्यालयाच्या मागच्या वाफ्यात. एकूण ३८ झाडं उभी राहिली. एकाही फुलाला हात लावायचा नाही, हा नियम. पहिल्या वेचणीची निम्मी सरकी वेगळ्या बरणीत, राखेत. पुढच्या वर्षीच्या पेरणीला त्या बरणीला हात नाही. आणि वातींचा वाटा आजीला आधी. हे शेवटचं विद्यार्थिनीनंच सुचवलं, आणि मला वाटतं सगळ्यात शहाणपणाचं तेच होतं. वातीसाठी लागतो म्हणून तर कापूस इथवर आला होता.

संकराच्या सात सरक्यांपैकी तीन उगवल्या, दोन रोपं जगली. ती आम्ही गच्चीवर कुंड्यांत वाढवली. झाडं जोमदार होती, आई-बापांपेक्षा उंच. पान दोघांच्या मधलं, फूल फिकट पिवळं आणि तळाशी पुसटसा लाल डोळा. पहिलं फूल उमललं त्या सकाळी तिनं परागकोश काचपट्टीवर फोडून ॲसिटोकार्मिनचा थेंब टाकला; त्यानं सुपीक पराग लाल होतात, वांझ होत नाहीत. शेजारी गावरानीची काचपट्टी ठेवली. गावरानीचे पराग मोठे, गोल, काटेरी, आतून गच्च लाल. संकराच्या काचपट्टीवर काट्यांची रिकामी टरफलं, चुरमुडलेली, रंग न धरलेली. लाल झालेले मोजून पाच-सहा सापडले, तेही वेडेवाकडे. त्या दोन झाडांवर हंगामभर फुलं आली आणि एकही बोंड धरलं नाही.

कोल्चिसिनचा प्रयोग आम्ही केला नाही. ते विषारी आहे, आमच्या प्रयोगशाळेत त्याची नीट सोय नव्हती, आणि तोवर तिच्या प्रबंधाचा विषयच बदलला होता. दोन जातींमधली भिंत म्हणजे काय, हे त्या दोन काचपट्ट्या शेजारी ठेवून दाखवता येतं. आता मी वर्गात तेच दाखवते.

निष्पत्ती

२०२४ मध्ये तिन्ही ठिकाणी मिळून झाडं शंभरावर गेली. सावनेरला अतिवृष्टीत एक वाफा पाण्याखाली राहिला आणि तिथली निम्मी झाडं गेली, पण त्यानं झोप उडाली नाही, कारण उरलेली दोन ठिकाणं शाबूत होती. सरकीचा एक वाटा संशोधन संस्थेच्या बीज-संग्रहासाठी वेगळा काढला आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याचं वाण म्हणून आजोबांच्या नावानं नोंदणी करता येते. त्याचे कागद विद्यार्थिनी जमवते आहे.

शेजाऱ्याशी आजोबा स्वतः बोलले. तो आता फवारणीआधी सांगतो, आणि वारा धुऱ्याकडे असेल तर थांबतो. त्याला आधीच सांगितलं असतं तर त्यानं तेव्हाही थांबलं असतं, असं तो म्हणाला. मला त्यावर विश्वास आहे.

आज करायचं झालं तर

आधी आजोबांना विचारीन आणि ते म्हणतील ते लिहून घेईन. धोका कुठून आहे हे ठरल्याशिवाय एकही पिशवी बांधणार नाही. मिसळण्याची भीती मला वाटली कारण ती चर्चेत असते. वाऱ्यानं येणाऱ्या तणनाशकाची, गुरांची, एकाच जागेची भीती चर्चेत नसते.

चौदा झाडं असताना त्यांच्या फुलांवर प्रयोग करणार नाही. आधी सरकी, मग प्रयोग. हे वाक्य आता माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत पहिल्या पानावर असतं, आणि त्यामागची ९० फुलं मी त्यांना सांगते.

एका गोष्टीबद्दल मात्र माझं मन अजून ठरलेलं नाही. संकर न करता पहिल्याच वर्षी सरकी वाढवली असती तर वाण इतक्या कडेला गेलं नसतं हे नक्की. पण जातींमधली भिंत तिनं ज्या काचपट्टीवर पाहिली, तीही मिळाली नसती. ते काम दुसऱ्या वर्षी, जास्त झाडं असताना, गावरानीचे फक्त पराग घेऊन करता आलं असतं. एका फुलाचे पराग खूप फुलांना पुरतात, आणि पराग घेतल्यानं झाड सरकीला मुकत नाही. असं करायला हवं होतं.

आत्ताची स्थिती

२०२५ च्या पावसाळ्यात नागपूरच्या वाफ्यातल्या झाडांपैकी दोन वेगळी निघाली. फूल पिवळंच, पण लाल डोळा मोठा, आणि पान जरा रुंद. २०२४ मध्ये शेजारच्या विभागानं प्रात्यक्षिकासाठी त्याच आवारात एक सुधारित देशी वाण लावलं होतं. ते आर्बोरियमच. त्याच्याशी गावरानीचा संकर सहज होतो आणि संतती सुपीक असते. बीटीपासून जो धोका आम्ही मानत होतो, तो खरा असलाच तर इथून आहे, आणि तो वाफा आम्हीच इतक्या जवळ केला होता.

विद्यार्थिनी म्हणाली, उपटू या. मी आजोबांना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘वेगळी निंघाली म्हून कायले उपटता? धुऱ्यावरची नाही तं नाही, दुसऱ्या डब्यात ठेवा.’’ त्या दोन झाडांना आता निळा दोरा बांधला आहे. फुलांवर कागदी पिशव्या आहेत, या वेळी योग्य कारणासाठी. त्यांची सरकी वेगळ्या बरणीत जाईल आणि बरणीवर फक्त वर्ष आणि वाफ्याचा क्रमांक लिहिलेला असेल. काटोलच्या परसात सत्तावीस झाडं आहेत, आणि आजीनं कळवलंय की यंदाच्या दिवाळीच्या वाती पुरतील.